कापलेला स्टँड

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या बीएमएक्स, म्हणजे मातीतल्या शर्यतींच्या, सायकली येतात. त्या दिवशी आलेली मात्र कारखान्यातून बीएमएक्स म्हणून निघालेलीच नव्हती. ती होती श्विन या अमेरिकन कंपनीची स्टिंग-रे, लहान चाकांची मुलांची सायकल. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या डाव्या पट्टीवर नंबर, सुरुवातीची अक्षरं जी आणि डी. श्विनच्या पद्धतीत जी म्हणजे जुलै, डी म्हणजे 1968. 1970 नंतरच्या फ्रेमवर हा नंबर पुढे, हँडलखालच्या उभ्या नळीवर, म्हणजे हेडट्यूबवर सापडतो.

सायकल घेऊन आलेल्या बाई साठीच्या. सायकल त्यांच्या थोरल्या भावाची, आणि भाऊ आता नाही. सोबत एक खोकं होतं: नवं चेनकव्हर, केळ्याच्या आकाराची लांब सीट, पुढचं चाक, टायर. "दुकानातून आणली तेव्हा होती तशी करून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं.

आधी खोक्यातला टायर खोक्यातल्याच चाकावर चढवून पाहिला. चढेना. चाक श्विनचं मूळ, 20 × 1 3/4. टायरवर छापलेलं 20 × 1.75. गणितात दोन्ही एकच, पण श्विनच्या त्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास 419 मिलिमीटर आणि 1.75 वाल्याचा 406. तेरा मिलिमीटरचा हा फरक लिव्हर लावून भरून निघत नाही, टायरची कडची तार तुटते. जुनं गोळा करणारे बहुतेक जण एकदा तरी इथे फसतात.

मग सायकलवर असलेलं पुढचं चाक मोजलं. ते 406 निघालं, म्हणजे मूळचं नव्हतं. बाईंच्या भावाने, तेव्हाच्या त्या मुलाने, मागच्या मापाची रिम पुढेही घातली होती, कारण 2.125 रुंदीचा, मातीत पकड घेणारा गाठीदार जाड टायर त्याच मापावर बसतो. त्याने काय करायला घेतलं होतं ते इथे लक्षात आलं, आणि पुढे प्रत्येक पार्ट तेच सांगत गेला.

1970 साली लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने मोकळ्या मातीच्या जागेवर सायकल शर्यती भरवायला सुरुवात केली. तेव्हा या खेळासाठी वेगळी सायकल विकतच मिळत नव्हती. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, मोटरसायकली पाहून पोरं आपल्या स्टिंग-रे सोलून काढत. मडगार्ड, चेनकव्हर, लांब सीट, सगळं उतरवत. या सायकलच्या हँडलला आडवी दांडी पितळेने जोडलेली होती. जोडाखाली पितळेचे तीन थेंब ओघळून तसेच गोठलेले, आणि आच लागून भोवतालचं क्रोम उडालेलं. निळ्या रंगावर डब्यातला काळा स्प्रे.

सगळ्यात जास्त वेळ मी स्टँडपाशी थांबलो. स्टिंग-रेचा स्टँड बोल्टचा नसतो. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, मागे फ्रेमला जोडलेल्या नळीत तो बसतो, आत जबरदस्त स्प्रिंग, आणि काढायचा तर अडकवलेली पिन ठोकून बाहेर काढावी लागते. हे मुलाला माहीत नसणार. त्याने हॅकसॉ घेऊन पाय सरळ कापला. वरच्या बाजूला दोन उथळ खुणा, ब्लेड घसरलेलं. तिसऱ्या खुणेत पातं बसलं आणि आरपार गेलं.

क्रँक उघडताना डाव्या बाजूचा नट आणि कोन (छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा भाग) उलट्या आट्यांचे असतात, सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. हा कोन अर्धाच फिरून अडकला. श्विनच्या एकसंध क्रँकला इंचाला 28 आटे असतात, इतर अमेरिकन क्रँकना 24. मध्ये कधीतरी कुणीतरी 24 चा कोन जोर लावून चढवला होता. पहिले तीन आटे चेपलेले. थ्रेड फाइलने ते सरळ केले, 28 चा कोन घातला, छर्रे बदलले, ग्रीस भरलं. कोन खेळ जाईपर्यंत आवळून जरासा मागे घेतला, मग नट कसला.

हँडल आणि क्रँक ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये ठेवले: कोमट पाण्यात लिटरला 30 ग्रॅम, हातमोजे घालून, दर तासाला बघत. जास्त वेळ राहिलं तर पिवळट थर चढतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवून, सुकवून, तेल. पितळेच्या थेंबांना हात लावला नाही.

हेडट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट फिरवलं तर सुरकुती लागत होती. पुढच्या चाकाचा चिमटाही किंचित मागे गेलेला. समोरून जोरात आपटल्याची ही खूण, म्हणून ही सायकल आता उडी मारण्यासाठी नाही, असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं.

मग त्यांना स्टँडची कापलेली जागा दाखवली. मूळचे पार्ट लावलेल्या स्टिंग-रे अजून मिळतात. पण शर्यतींच्या त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एखाद्या पोराने स्वतः कापून-जोडून शर्यतीला नेलेली, आणि नंतर कुणी "सुधारली" नाही अशी सायकल फार क्वचित हाती येते. काळा रंग काढला तर खालचा पारदर्शक निळाही त्याच सॉल्व्हंटने जाईल, हेही सांगितलं.

बाईंनी खुणांवर नखं फिरवून पाहिलं. "हे ब्लेड बाबांचं होतं. त्या दिवशी त्याला मार बसला होता," त्या म्हणाल्या.

खोकं न उघडल्यासारखं बंद करून दिलं. संध्याकाळी त्या सायकल न्यायला आल्या तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवली होती, डावं पायडल खाली करून. दुसरा इलाज नव्हता, स्टँड नव्हताच.