चार संध्याकाळी एका हौदात

‘द लास्ट गार्डियन’ संपवून आठ दिवस झाले. गेम आवडला, शेवटाला घसा दाटला, ते सगळं झालं. पण त्या हौदाचं नाव काढलं की अजून डोकं सणकतं, म्हणून हे लिहून मोकळा होतोय. तुम्ही तिथंच अडकला असाल तर थेट मधल्या भागाकडे जा, बाकीचं नंतर वाचा.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक लहान मुलगा गुहेत जागा होतो, अंगभर गोंदण. शेजारी साखळीला बांधलेलं, भाले घुसलेलं अवाढव्य जनावर. अंगावर पिसं, थोबाड कुत्र्याच्या वळणाचं, बसणं-चाटणं मांजराचं. त्याचं नाव ट्रिको. मुलाच्या हातात तलवार-बिलवार काही नाही. भाले उपसायचे, निळसर चमकणारी पिंपं शोधून त्याला खायला घालायची, आणि त्याच्या पाठीवर बसून त्या पडक्या, आभाळाएवढ्या उंच वास्तूतून बाहेर पडायचं. फुमितो उएदा यांचा गेम, ‘इको’ आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’वाले. 2009 ला पीएस-थ्रीसाठी (म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 3) म्हणून जाहीर झाला आणि 2016 च्या डिसेंबरात पीएस-फोरवर आला. लोकांनी सात वर्षं वाट बघितली आणि मी चार संध्याकाळींवरून रडतोय, हे मलाही कळतं.

डिस्क सांगलीतच सेकंडहॅंड मिळाली, 900 रुपयांत. सुरुवातीचे तासभर मजेत गेले. साखळी सुटली, ढालीसारखा तो आरसा सापडला, त्याचा उजेड पडेल तिथं ट्रिकोच्या शेपटीतून वीज कोसळते हे कळलं, चालत्या चिलखतांचे शिपाई आले, ट्रिकोनं त्यांचा चुराडा केला. (शिपायांनी मुलाला उचललं की घाबरू नका, सगळी बटणं बडवत सुटा. या गेममध्ये बटणं बडवून फायदा होतो ती जागा हीच.)

आता हौद.

पाण्यानं भरलेली एक मोठी जागा येते. ट्रिको काठावर येऊन थांबतो. मान खाली घालतो, वास घेतो, एक पाय उचलतो आणि परत मागे घेतो. पहिली संध्याकाळ यातच गेली. मी पाण्यात पोहत हाका मारतोय आणि हा वरून माझ्याकडं असा बघतोय की जणू बुडायची हौस मलाच आलीय. शेवटी एक पिंप पाण्यात टाकलं तेव्हा त्याच्यामागं धपकन उतरला. मला वाटलं, जमलं.

कशाचं काय! बाहेर जायची वाट पाण्याखालून. ती ट्रिकोनं बुडी मारली, आणि आपण त्याला घट्ट धरून राहिलो, तरच पार होते. तो बुडी मारीना. दुसऱ्या संध्याकाळी मी पाठीवर बसून आर-वन (कंट्रोलरवरचं ट्रिकोला सांगायचं बटण) दाबत होतो, बुडी मारायचं सांगत होतो, परत सांगत होतो. तो पोहत इकडून तिकडं जायचा, भिंतीकडं बघायचा, पुन्हा माघारी फिरायचा. एकदा अर्धं डोकं पाण्यात घातलं, मी खुर्चीतून उठलो, आणि यानं डोकं वर काढलं. तोवर भडंग खाऊन हात तेलकट झालेले, कंट्रोलर निसटला तो फरशीवर. लोकांच्या व्हिडिओत ही जागा दहा सेकंदांत संपते. माणूस पाठीवर चढतो, जनावर बुडी मारतं, पुढचा सीन. तो व्हिडिओ मी किमान सहा वेळा बघितला. माझा ट्रिको आणि त्यांचा ट्रिको वेगळ्या आयांचे असावेत.

तिसऱ्या संध्याकाळी मी महामूर्खपणा केला, तो तुम्ही करू नका. इथं जरा मागं जावं लागेल. माझ्याकडं पीएस-फाइव्ह आहे. त्यावर हा गेम डिस्कवरून, नेट बंद ठेवून, कुठलाही अपडेट न घेता टाकला तर सेकंदाला साठ फ्रेमनं (म्हणजे साठ चित्रांनी) चालतो, एकदम लोण्यासारखा. अपडेट घेतला की तीसवर येतो. हे मला आधीपासून माहीत होतं, मी तसाच टाकला होता. (ऑनलाइन विकत घेणाऱ्यांना ही सोय नाही, डिस्कच लागते.) पण तिसऱ्या दिवशी डोक्यात किडा शिरला की जुन्या व्हर्जनमध्ये बिघाड असणार, म्हणूनच हा बुडी मारत नाही. नेट लावलं, अपडेट घेतला. सेव्ह शाबूत राहिलं एवढं नशीब. ट्रिको होता तसाच, हौदात गोल गोल. फक्त आता तीस फ्रेममध्ये. म्हणजे अडचण तीच, वर आणि तो लोण्यासारखेपणाही गेला. पुन्हा सगळं काढून टाकायचा कंटाळा आला, आणि उरलेला सगळा गेम मी तसाच खेळलो. ती चुटपुट अजून आहे.

चौथ्या संध्याकाळी आण्णा शेजारी येऊन बसले. आण्णा म्हणजे वडील, वय 74. आटपाडीकडचे, एके काळी दावणीला खिलार जोडी होती. टीव्हीवर नुसतं पाणीच पाणी बघून आधी त्यांनी विचारलं, “कुठला पूर ह्यो?” सांगलीत राहून पाणी दिसलं की माणसाचं डोकं आपोआप कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं जातं, तिथं पुराचं पाणी मोजतात. 40 फूट इशारा, 45 धोका, आणि 2019 ला 57 च्या वर गेलेलं. म्हटलं, पूर नाही, गेम आहे, आणि हे जनावर ऐकत नाही.

आण्णांनी पाचेक मिनिटं बघितलं. मग म्हणाले, “त्येला सारखं काय ढोसतोयस? दम तरी खाऊ दे की.”

“आण्णा, हे कॉम्प्युटरचं आहे.”

“असू दे. तू एक सांगायचं, त्यो वळायच्या आत दुसरं सांगायचं. त्येनं ऐकायचं काय? बैल पाण्याच्या कडंला थांबला की कासरा ढिला सोडायचा. त्येचं त्येला पाणी बघू द्यायचं. मग एकदाच हाक.”

मी चिडून कंट्रोलर मांडीवर ठेवणार होतो, पण ट्रिकोची पिसं तेवढी सोडली नाहीत. बुडीची खूण एकदाच केली आणि गप्प बसलो. पाच सेकंद, दहा सेकंद. ट्रिको पोहत भिंतीपाशी गेला, थांबला, कान मागं केले, आणि अख्खा गेला की खाली! पडदा हिरवा-निळा झाला, बुडबुडे, खालचा दगडी बोगदा, आणि पिसांत चिकटून मी. आण्णा म्हणाले, “बघ.” आणि उठून चहा सांगायला आत गेले.

आता हे आण्णांच्या कासऱ्यानं झालं की मी चार दिवस चुकीच्या जागी तोंड करून खुणा करत होतो, देव जाणे. मी परत जाऊन तपासलेलं नाही आणि तपासणारही नाही. पण तिथून पुढं मी हाच नेम ठेवला, की एकदा सांगायचं आणि हात बाजूला. उडी मारायच्या जागा, अरुंद कठडे, मनोरे, सगळीकडं तो आपला आपण बघतो, अंदाज घेतो, मग झेपावतो. चारदा सांगितलं की गोंधळतो, निदान माझा तरी गोंधळायचा. आणि सुरुवातीला मुलाला नुसती हाक मारता येते, नेमकं काय कर ते सांगणं नंतर येतं, त्यामुळं पहिल्या दोन-तीन तासांत “ऐकत नाही” म्हणून गेम बंद करू नका.

आठवलं म्हणून सांगतो. कुठं ट्रिको हलतच नसेल तर आधी आजूबाजूला रंगीत काचेचा डोळा टांगलेला दिसतो का बघा. त्याला तो भितो. तो डोळा आपण पाडायचा किंवा नजरेआड करायचा, तोवर हाका मारून घसा फोडला तरी व्यर्थ. डोळा दिसत नसेल तर ट्रिकोला भूक लागली असेल. आणि मारामारी झाल्यावर तो खवळलेला राहतो, तेव्हा घाईनं पुढं पळू नका. वर चढा, भाले उपसा, मानेवरून हात फिरवा. बारकाईनं बघितलं तर जसजसं पुढं जाल तसतसे त्याचे पंख आणि मोडलेली शिंगं भरून येताना दिसतात.

कॅमेऱ्याबद्दल काही बोलत नाही. कोपऱ्यात ट्रिको आडवा आला की पडद्यावर फक्त पिसं दिसतात. सहन करा.

हौदानंतरचं सगळं मी पाच-सहा संध्याकाळींत संपवलं, त्यातलं सांगण्यासारखं फार नाही, आणि शेवट तर मुळीच सांगत नाही. फक्त पाण्यातून वर आल्यावरचं एक राहिलं. काठावर चढला की तो ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडतो, तेव्हा पकड सोडू नका. मी सोडली होती. त्याच वेळी आण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी पटकन कपावर हात ठेवला.