पांढऱ्या गाडीचा पांढरा रंग

"पांढराच आहे हो, त्यात काय मॅचिंग करायचं?" रंगाच्या दुकानात हे वाक्य कानावर आलं, की तीन हेलपाटे पक्के समजावेत. घरच्या घरी गाडी रंगवताना माझे चार झाले. घासणं, लांबी (खड्डे भरायचा लगदा), प्रायमर, स्प्रे गन मारणं हे सगळं आपल्या हातात असतं. चुकलं तर पुन्हा घासून पुन्हा मारता येतं. शेड मात्र काउंटरपलीकडच्या माणसाच्या हातात, आणि त्याला घाई.

गाडी २०१२ची अल्टो, पांढरी. बॉनेट आणि टप उन्हाने खडूसारखे झालेले, डावा फेंडर घासलेला, डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला गंज. गॅरेजचा भाव पॅनेलला तीन हजार, म्हणजे चार पॅनेलचे बारा. माझ्याकडे सहा होते. रंग तोच ठेवला, त्यामुळे आरटीओचा प्रश्न आला नाही. रंग बदलणार असाल तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी लागते, ते आधीच धरून चला.

रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडाला की सुकणारा) घेतला, पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून घट्ट होणारा) नाही. पीयूची चकाकी जास्त आणि टिकतेही जास्त, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला वाईट, आणि घरच्या आवारात त्यासाठी लागणारी बाहेरून हवा देणारी मास्कची सोय कोणाकडे नसते. शिवाय पीयूचा उडालेला तुषार ओलाच राहतो आणि शेजारच्या गाडीवर चिकटतो. एनसीचा तुषार हवेतच सुकून भुकटी होतो, फडक्याने पुसला जातो. दहा-पंधरा मिनिटांत हात लावण्याइतका सुकतो, ओघळ आला तर घासून काढता येतो. तोटे असे की पॉलिश केल्याशिवाय तो चमकत नाही, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा रबिंग (घासून चमक आणायची पेस्ट) मारावं लागतं.

एनसी मारण्याआधी जुना रंग कोणता आहे हे बघायलाच हवं. एनसी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एका कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. रंग विरघळून फडक्याला आला, तर आधी कोणीतरी एनसी मारलेला आहे. काहीच आलं नाही, तर कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग किंवा पीयू, त्यावर घासून बिनधास्त मारा. सुरकुत्या पडून फुगला, तर खाली साधा ऑइलपेंट आहे. तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता शेड. कंपनीचा रंग सुपिरिअर व्हाइट, कोड २६ यू. कोड हातात आहे म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. पण दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्या कोडचा फॉर्म्युला पीयूचा होता. एनसी तिथे नजरेने बनवतात: पांढऱ्या बेसमध्ये काळ्याचे, पिवळ्या ऑक्साइडचे, कधी किंचित लालचे थेंब. आणि फॉर्म्युला मिळाला तरी तो नव्या गाडीचा. माझी बारा वर्षं उन्हात उभी.

पहिल्या वेळी मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून घेऊन गेलो. रीत बरोबर होती, झाकण चुकीचं होतं: धुतलेलं, पण न घासलेलं. वरचा मळका, ऑक्सिडाइज झालेला थर दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या मिस्त्रीने प्रामाणिकपणे मॅच केला आणि घरी आल्यावर पट्टी पिवळट करडी दिसली. म्हणजे रंगाची नव्हे, मळाची शेड आणली. झाकण नेण्याआधी अर्ध्या भागाला रबिंग मारा आणि मिस्त्रीला तोच भाग दाखवा. गाडीच्या न रंगवलेल्या बाजूही नंतर रबिंगने घासणारच असता, त्यामुळे जुळवायचं ते घासलेल्या रंगाशी.

दुसऱ्या वेळी त्याने अर्धा लिटर बनवला, काडीने झाकणावर ठिपका लावला, पंख्याखाली धरला आणि ट्यूबलाइटखाली दाखवला. अगदी तंतोतंत. बाहेर सावलीत आणला तर ठिपका निळसर. यात जादू काही नाही: दोन पांढऱ्यांमध्ये थेंब वेगवेगळ्या रंगांचे असले, तर ते एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. म्हणून शेड दुकानाच्या दिव्याखाली कधीही पास करू नका, आणि भर उन्हातही नको, पांढरा तिथे डोळे दिपवतो आणि काही कळत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला, भिंतीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाखाली. एकदा समोरून बघा, एकदा तिरकं. दोन रंगांच्या मध्ये टेप किंवा फट ठेवू नका, कडेला कड लागली पाहिजे. मध्ये रेघ असली की डोळा फरक माफ करतो.

काडीचा ठिपकाही फसवतो. जाड थराची आणि गनने मारलेल्या तीन पातळ थरांची शेड वेगळी दिसते, ओल्याची आणि सुक्याची तर वेगळी असतेच. त्यात पांढरा खालचं पुरतं झाकत नाही. गडद करड्या प्रायमरवर तोच रंग मळकट दिसतो. मी वीतभर पत्र्याच्या पट्टीवर आपलाच प्रायमर मारून नेली आणि दुकानातल्या गनने तीन हात मारायला लावले. मिस्त्रीचं तोंड वाकडं झालं. होऊ द्या, पाच मिनिटांचं काम आहे. प्रायमर पांढरा किंवा फिकट करडाच घ्या, हे मी पट्टी बघितल्यावर शिकलो.

तिसऱ्या फेरीत खरी चूक कळली, आणि ती माझीच होती. मी पैसे वाचवायला आधी अर्धा लिटर बनवून घेत होतो, "जमला तर पुढचा घेतो" म्हणत. अर्ध्या लिटरमध्ये काळ्याचा एक थेंब म्हणजे दोन लिटरमध्ये चार. शेड अर्ध्या लिटरवर जुळली, तरी पुढचे दीड लिटर त्याच प्रमाणात नजरेने कोणी बनवू शकत नाही. लागणार तेवढा सगळा रंग एकाच डब्यात, एकदाच बनवून घ्या. चार पॅनेलला दोन लिटर लागतो, कारण गनमधून उडालेल्या रंगातला जेमतेम निम्मा पत्र्यावर बसतो.

आणि थेंब मोजून टाकायला लावा. काळा आधी कमी, पिवळा त्याहून कमी. हलवा, पट्टीवर मारा, सुकवा, बाहेर न्या, मग पुढचा थेंब. एकदा जास्त पडलेला काळा परत निघत नाही, त्यावर पांढराच ओतावा लागतो आणि दोन लिटरचे अडीच होतात, तेही तुमच्या पैशाने. चौथ्या वेळी मी आठवड्याच्या मधल्या वारी, दुकान उघडताच गेलो. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर दहा गॅरेजवाले उभे असतात, तेव्हा तुमच्या पांढऱ्यासाठी कोणी बाहेर येणार नाही. पाऊण तास लागला. शेवटी दोन पट्ट्यांत निवड होती: एक कणभर पिवळी, एक कणभर स्वच्छ. स्वच्छ घेतली, कारण एनसी उन्हाने पिवळाच पडत जातो. वाया गेलेल्या अर्ध्या लिटरचे ४५० रुपये अजून डोक्यात आहेत.

बाकीचं भराभर सांगतो. पहिलं काम साबणाचं पाणी, मग थिनरचं फडकं, आणि त्यानंतरच घासायचा पॉलिश पेपर. सिलिकॉनवालं पॉलिश कधी मारलेलं असेल आणि आधीच घासलं, तर ते पत्र्यात चोळलं जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. गंज चकचकीत उघड्या पत्र्यापर्यंत खरवडायचा. लांबीला हार्डनर १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त टाकला तर डाग वर येतो, कमी पडला तर लांबी मऊ राहते. पाच मिनिटांत गोळा होते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. लांबी कोरडीच घासा, ८० नंबरचा पेपर, मग १८० मग ३२०. गॅरेजात ती पाणी मारून घासतात कारण धूळ उडत नाही, पण लांबी पाणी पिते आणि वर्षभराने तिथेच फोड येतो. पाणी प्रायमरनंतर: ४००, मग ६००.

मास्क दोन काडतुसांचा, ऑरगॅनिक व्हेपरचा, म्हणजे थिनरची वाफ अडवणारा. तोंडाला रुमाल बांधून काही अडत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटते. कॉम्प्रेसर रंगवायच्या जागेच्या बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवा, आणि उदबत्ती, गॅसचा गीझर, शेजारची चूल पेटलेली नाही हे बघून घ्या. टेप आणि पेपर पुण्याच्या नाना पेठेत एका चकरेत मिळाले. साधी पिवळी टेप घेऊ नका, उन्हात चिकट सोडते.

कॉम्प्रेसर आणि १.४ मिलिमीटर नोझलची गन दोन दिवस भाड्याने. दाब दोन ते अडीच बार, अंतर वीतभर, गनचा प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. कॉम्प्रेसरची टाकी दर तासाला खालून उघडून पाणी काढा, नाहीतर ते थेंब गनमधून येतात. छोटा कॉम्प्रेसर दमतो, म्हणून एका वेळी एकच पॅनेल: आधी टप, मग बॉनेट, मग बाजू. रंगात थिनर एकास एक, पहिला हात नुसता धुरळा, मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पाच हात, शेवटचा एकास दोन पातळ. हे फेब्रुवारीत सकाळी आठ ते अकरामध्ये उरका. मेमध्ये रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दमट हवा बसते आणि रंगावर दुधी झाक येते. तेवढ्यात अडकलात तर थिनर हळू उडावा म्हणून त्यात पाच-दहा टक्के रिटार्डर.

टपाच्या नाळीतली काळी बीडिंग (कडेची पट्टी) उपटली की मास्किंगची, म्हणजे टेप-कागदाने झाकण्याची, हद्द आपोआप मिळते. पॅनेल मध्येच कधी संपवू नका, कडेपर्यंत जा. माझ्याकडे फरक दिसण्याची एकच जागा आहे, डाव्या पुढच्या आणि मागच्या दारामधली फट, आणि तीही संध्याकाळी तिरपं बघितलं तरच. बंपर एनसीने रंगवला नाही, प्लॅस्टिक लवतं आणि एनसी तडकतो. कंपनीतूनही बंपरची शेड थोडी वेगळीच असते, त्यामुळे कोणी बघत नाही.

एक आठवडा हात लावायचा नाही. मग १५००, २०००, रबिंग; कडांवर पेपर नाही, तिथे थर पातळ असतो आणि दोन हातांत प्रायमर उघडा पडतो.

खर्च: रंग १,७००, थिनर पाच लिटर ७५०, प्रायमर ५००, लांबी २५०, पेपर ५००, टेप ३००, मास्क ९००, भाडं १,२००, रबिंग २५०. त्यात ते ४५०. एकूण ६,८००.

उरलेला पाव लिटर छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवला, वर तारीख आणि थेंबांचा हिशेब लिहून. टाकीच्या झाकणावर चार फेऱ्यांचे सात ठिपके होते. थिनरच्या फडक्याने ते पुसून निघाले. खालचा कंपनीचा रंग जसाच्या तसा.