तीन एजंट आणि आईचा एकच प्रश्न

आज आईबाबांसाठी सिनियर लोकांच्या कम्युनिटीतलं घर बघायला गेलो आणि घर राहिलं बाजूला, एजंट निवडण्यातच दिवस गेला. पहिला बिल्डरचाच माणूस, गोड बोलणारा, क्लबहाऊस झालं, फिजिओथेरपीची रूम झाली, पण मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो विचारलं की स्वारी लगेच गार्डनकडे वळायची. आता पगार बिल्डर देणार म्हटल्यावर तो आपली बाजू कशाला घेईल म्हणा! दुसऱ्याचं सारखं "आजच टोकन द्या", बाबांनी तिथेच हात जोडले.

तिसऱ्या बाई तिथलीच रीसेलची कामं करतात, त्यांनी आधी करारच पुढे ठेवला, घर मालकीचं की नुसता राहण्याचा हक्क, वयाची अट काय, पुढे विकायचं तर ट्रान्सफर फी कोणी भरायची, डिपॉझिट कधी परत मिळतं, आणि स्वतःचं कमिशन कोण देणार तेही न विचारता सांगून टाकलं.

आईने मात्र तिघांना एकच विचारलं, आमच्यातलं एक जण गेलं तर दुसऱ्याला इथे राहता येईल ना? पहिले दोघं गडबडले. बाईंनी कलम काढून वाचून दाखवलं.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, बाईंनाच फोन कर, पण आधी तो करार वकिलाला दाखव.