अग्निपक्ष्याचे तेरा खंड: माझा अनुभव

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं जपानी दुभाषी म्हणून काम करते. ‘फुगुआई’ म्हणजे मालातला दोष, ‘नोकी’ म्हणजे माल पोचवायची तारीख, ‘साइहात्सु बोशी’ म्हणजे तोच दोष पुन्हा होऊ नये म्हणून करायचा बंदोबस्त. हे शब्द झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. पण एका रात्री ‘तेन्तोमुशी’ या शब्दापाशी मी अडले. लहान मुलांनाही माहीत असलेला शब्द, आणि मला तो नऊ वर्षांत एकदाही लागला नव्हता.

शब्दकोशात अर्थ मिळाला. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा. आमच्या गावाकडे कपाशीवर मावा पडला की हा किडा हमखास दिसायचा. वडील त्याला ढालकिडा म्हणायचे. मी चिमटीत धरला की ओरडायचे, “सोड त्याला. तो मावा खातो, आपल्या कामाचा आहे.” जपानीत त्याचं नाव लिहिताना सूर्यासाठीची अक्षरं वापरतात. सूर्याचा किडा. माझ्यासमोरच्या पानावर एका आंधळ्या डोळ्याच्या, एका हाताच्या दरोडेखोराच्या अंगावर तो बसला होता आणि तो माणूस त्याला न मारता अलगद बाजूला सोडत होता.

ते पान जपानी चित्रकथाकार तेझुका ओसामू यांच्या ‘हि नो तोरी’ या चित्रकथा-मालिकेचं, म्हणजे ‘अग्निपक्षी’चं. तेझुका म्हटलं की बहुतेकांना ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ आठवतो, फार तर ‘बुद्ध’. पण त्यांनी स्वतः आयुष्यभराचं काम मानलं ते या मालिकेला. पहिला प्रयत्न १९५४ मध्ये केला, तो अर्धवट राहिला. मग १९६७ मध्ये ‘कॉम’ नावाचं मासिक काढून त्यात नव्याने सुरुवात केली आणि १९८८ पर्यंत, मध्ये मोठी अंतरं पडत का होईना, ते हेच चितारत राहिले. माझ्या भाच्याच्या वयाची पुण्यातली मुलं रोज नवं अ‍ॅनिमे बघतात, जपानी गाणी तोंडपाठ म्हणतात, पण त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून मी या मालिकेचं नाव ऐकलेलं नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणूनच हे लिहायला बसले.

पहिला खंड मला भेट मिळाला. आमच्या कारखान्यात तीन वर्षं राहिलेले एक जपानी इंजिनिअर परत निघाले, तेव्हा घर आवरताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. कादोकावा प्रकाशनाची बुन्को, म्हणजे खिशात मावणारी आवृत्ती, हातात मावेल एवढी, एकूण तेरा खंडांची. “सावकाश वाचा,” एवढंच म्हणाले. मी तेव्हा एन-टू, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी, पास झालेले होते. चित्रांचं पुस्तक आहे, आठवड्यात संपवू, असं मला वाटलं होतं. पहिल्या खंडाला साडेतीन महिने लागले.

उजवीकडून डावीकडे वाचायची सवय चार दिवसांत झाली. खरी अडचण भाषेची होती. कारखान्यात सगळे आदरार्थी बोलतात, वाक्य ‘देस’ नाहीतर ‘मास’ने संपतं. इथे पात्रं तिसऱ्या शतकातली, प्राचीन जपानमधल्या यामाताई राज्यातली. म्हातारा स्वतःला ‘वाशी’ म्हणतो, सैनिक ‘ओरे’ म्हणतो, पोरगा ‘बोकु’ म्हणतो, आणि त्या एका शब्दावरून कोण बोलतंय हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आपल्याकडे ‘म्या’, ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांवरून माणूस ओळखू येतो तसंच. हे एकदा कानात बसलं आणि संवाद मोकळे झाले. वाक्यरचनेचा तर त्रास नव्हताच. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, सगळं आपल्यासारखं. मराठी माणसाला जपानी शिकताना ही एक मोठी सोय आहे आणि क्लासमध्ये ती पुरेशी सांगत नाहीत.

मी पद्धत ठरवली. रात्री जेवणं उरकली की चार पानं. आधी काहीही न वाचता नुसती चित्रं बघायची. मग वाचायचं, अडलेल्या कांजीशेजारी (चिनी वळणाच्या अक्षराशेजारी) पेन्सिलीने उच्चार लिहायचा. शेवटी पुन्हा एकदा चित्रं. ही पद्धत नाइलाजाने आली होती, पण तिच्यामुळेच मला तेझुका दिसले. सराईत जपानी वाचक ज्या पानावरून पाच सेकंदांत पुढे जाईल, तिथे मी दहा मिनिटं बसायचे. पहिल्या खंडाच्या शेवटी ज्वालामुखीच्या विवरात जन्मलेला ताकेरू हा तरुण त्या विवराच्या उभ्या भिंतीवरून वर चढू लागतो. घसरतो, पुन्हा चढतो. वर काय आहे ते त्याला माहीत नाही. त्या पानांवर वाचायला शब्द थोडेच आहेत, तरी मला तीन रात्री लागल्या, कारण प्रत्येक चौकटीत त्याची बोटं कुठे आहेत ते बघत मी थांबत होते.

दुसऱ्या खंडात एकदम सन ३४०४. माणसं जमिनीखालच्या पाच शहरांत राहतात आणि निर्णय संगणक घेतात. दोन शहरांचे संगणक आपापसांत भांडतात, आणि त्या भांडणातून पाचही शहरं अणुस्फोटात नष्ट होतात. १९६७-६८ मध्ये लिहिलेली ही गोष्ट. यामानोबे मासातो हा तरुण तेवढा उरतो, कारण अग्निपक्ष्याने, मालिकेभर येणाऱ्या त्या अमर पक्ष्याने, त्याला अमर केलंय. त्याला हवं असो वा नसो.

इथे एक प्रसंग आहे, तो मी कुणालाही आधी सांगते. मासातोला एक बंद कोठी सापडते. आत एक माणूस झोपवून ठेवलेला आहे, तो पाच हजार वर्षांनी जागा होईल असं तिथे लिहिलेलं असतं. मासातो ठरवतो, थांबायचं. बोलायला कुणीतरी मिळेल. आणि तो खरोखर पाच हजार वर्षं थांबतो. दार उघडतं, आत फक्त धूळ.

या खंडात मला ‘शीऽऽन’ हा शब्द भेटला. जपानी चित्रकथांत आवाज चित्रातच लिहितात: धडाम, खळखळ, टपटप. ‘शीऽऽन’ हा मात्र आवाज नसल्याचा आवाज. सगळीकडे शांतता आहे हे दाखवायला चित्रात हा शब्द लिहायची रीत आपणच सुरू केली, असं तेझुकांनी लिहून ठेवलं आहे. मी मराठीत याला काय म्हणता येईल ते शोधत बसले. ‘निःशब्द’ फार संस्कृत वाटलं. ‘सामसूम’ जवळ आलं. मग शुकशुकाट आठवला. ओसाड गल्लीत उभं राहिल्यावर कानात जे होतं, तेच त्या शब्दात ऐकू येतं. पेन्सिलीने मी त्या चौकटीशेजारी ‘शुकशुकाट’ लिहिलं, आणि तेरा खंडांच्या समासात मी केलेल्या शेकडो नोंदींपैकी ही एक नोंद मला अजूनही सर्वांत आवडते.

मालिकेचा क्रम इथे कळू लागतो. एक गोष्ट फार जुन्या काळातली, पुढची फार दूरच्या भविष्यातली, मग पुन्हा भूतकाळ पण आधीपेक्षा अलीकडचा, मग पुन्हा भविष्य पण आधीपेक्षा जवळचं. दोन्ही टोकांकडून वर्तमानाकडे सरकत यायचं. आणि या सगळ्यांत एक मोठ्या, सुजलेल्या नाकाचा माणूस वेगवेगळ्या जन्मांत येत राहतो. पहिल्या खंडात तो सारुताहिको हा योद्धा आहे. राणी हिमिको त्याला गांधीलमाश्यांच्या खड्ड्यात टाकते, तिथे त्याचं नाक सुजतं आणि मग हजारो वर्षं ते तसंच राहतं. दुसऱ्या खंडात तो शास्त्रज्ञ आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. पान उलटलं, नाक दिसलं, की पोटात कालवाकालव होते: आला बिचारा परत.

पुढचे खंड मी जपानमध्ये आइचीला कामासाठी गेले तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गोळा केले. आठवा तिथे मिळाला नाही. तो ऑनलाइन मागवला, तर पार्सल वाटेत हरवलं. दोन महिने विचारणा केली, शेवटी पैसे परत आले, पुस्तक नाही. सातवा खंड ज्या ठिकाणी थांबतो तिथून पुढे जाता येत नसल्याने मी त्या दोन महिन्यांत चौथा खंड दुसऱ्यांदा वाचला. आता वाटतं, बरं झालं.

कारण चौथा खंड, ‘होओ-हेन’, हा या मालिकेचा कळस आहे. काळ आठव्या शतकातला, नारा या तेव्हाच्या राजधानीत तोदाइजी मंदिराची महाबुद्धमूर्ती उभी राहत असतानाचा. तिचे नेत्र उघडण्याचा सोहळा ७५२ मध्ये झाला. गाओ जन्मतःच कड्यावरून पडून एक डोळा आणि एक हात गमावतो, लोक त्याला हिडीसफिडीस करतात, तो दरोडेखोर होतो. आकानेमारू हा बुद्धमूर्ती घडवणारा तरुण कलावंत. त्याचे दोन धड हात बघून गाओच्या मनात आग पेटते आणि तो त्याचा एक हात निकामी करतो. इथून दोघांची आयुष्यं उलट दिशांना वळतात. गाओ दुःखातून, संतापातून मूर्ती कोरू लागतो. आकानेमारूला मान मिळतो, सत्ता जवळ येते, आणि तो आतून कोरडा होत जातो.

ढालकिडा इथलाच. त्याला सोडून दिल्यावर पुढे गाओला हायामे नावाची स्त्री भेटते. तो तिला जबरदस्तीने सोबत नेतो, तरी ती त्याच्या दुखऱ्या नाकाला औषध लावते. कुणीतरी त्याच्या कानात भरवतं की ते विष आहे, आणि तो तिला मारून टाकतो. मग तिच्या जागी काय उरतं ते तेझुका एका छोट्या चौकटीत दाखवतात: पाठीवर ठिपके असलेला किडा. चौकट अंगठ्याएवढी. पहिल्या वाचनात ‘तेन्तोमुशी’चा अर्थ शोधण्यात माझं लक्ष होतं. दुसऱ्या वाचनात अर्थ माहीत होता, आणि मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. वडिलांना जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.

पुढे दोघांमध्ये मंदिराच्या छपरावर बसवायच्या राक्षसमुखी कौलाची स्पर्धा होते. गाओचं कौल बघताच कळतं की जिवंत काम कुणाचं आहे. आकानेमारू त्याचा जुना गुन्हा उघड करतो आणि गाओचा उरलेला हातही तोडला जातो. यानंतर गाओ तोंडात छिन्नी धरून कोरतो. आकानेमारूला अग्निपक्षी सांगतो की तुला पुन्हा माणसाचा जन्म नाही. रिन्तारो यांनी १९८६ मध्ये यावर तासाभराचा चित्रपट केला. तो देखणा आहे, पण गोष्ट आधी कागदावर वाचावी असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर तो किडा डोळ्यांसमोरून निघून जातो. कागदावर तिथे थांबता येतं.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. ‘हागोरोमो’ नाटकासारखी चितारली आहे, प्रेक्षक समोर बसून रंगमंच बघतोय अशी, एकाच कोनातून. ‘उचू’मध्ये फुटलेल्या यानातून चार जण वेगवेगळ्या कुप्यांतून अंतराळात तरंगतात आणि प्रत्येकाचा पानावर वेगळा उभा रकाना. १९६९ मध्ये हे धाडस! ‘बोक्यो’ मला लांबलेली वाटली. ‘रान्से’मधला योशित्सुने क्रूर आहे. जपानी लोककथांतल्या लाडक्या वीराला असं दाखवणं सोपं नव्हतं.

शेवटची मोठी गोष्ट ‘ताइयो’. ६६३ च्या लढाईत हरलेल्या कोरियन राजपुत्राच्या चेहऱ्यावर लांडग्याचं कातडं चढवलं जातं, आणि तो जपानमध्ये येऊन राहतो. तिथे बौद्ध धर्म राजसत्तेच्या बळावर पसरतो आहे आणि डोंगरातले स्थानिक देव मार खात आहेत. ज्या तेझुकांनी अकरा वर्षं ‘बुद्ध’ चितारला, त्यांनीच हे लिहिलं. बुद्धाबद्दलचं त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. दंडुक्याच्या जोरावर सांगितलेला धर्म, मग तो कुणाचाही असो, त्यांना मान्य नव्हता. पुस्तकाच्या या भागापाशी मला सर्वांत जास्त बोलायची इच्छा झाली आणि बोलायला कुणी नव्हतं.

वर्तमानकाळाची गोष्ट शेवटी चितारायची असं तेझुकांनी ठरवलं होतं. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने ते गेले, साठ वर्षांचे असताना. ती गोष्ट राहिली. तेराव्या खंडात त्यांचं सुरुवातीचं, पन्नासच्या दशकातलं काम आहे, त्यामुळे वाचणारा शेवटाला पोचतो तेव्हा हातात तरुण तेझुकांची गोलगरगरीत, हसरी चित्रं असतात. पहिल्या खंडापासून इथवर मला दोन वर्षं आणि एक महिना लागला.

दिवाळीला भाचा आला होता. चौदा वर्षांचा आहे. कपाटातले खंड बघून म्हणाला, “मावशी, रंगीत नाही?” मी काही समजावलं नाही. दुसरा खंड उघडून कोठीचा प्रसंग तेवढा वाचून दाखवला, मराठीत सांगत. धुळीच्या चौकटीपाशी तो गप्प झाला. मग म्हणाला, पहिल्यापासून सांग. रोज संध्याकाळी थोडं थोडं करत आम्ही चौथ्या खंडापर्यंत आलो. भाऊबीजेच्या रात्री त्याने पान उलटलं, गाओच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मावशी, हा तोच ना?”