कर्जाची मर्यादा राज्यघटनेत लिहिणारा देश

६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांना पदावरून दूर केले आणि तीन पक्षांचे सरकार कोसळले. आमदारांची फोडाफोडी पाहत आलेल्या माझ्यासारख्याला याचे कारण पचवायला वेळ लागला. २०२५ च्या अर्थसंकल्पातील तूट कशी भरून काढायची, यावर सत्तेतल्या भागीदारांचे एकमत झाले नव्हते.

या वादाच्या मुळाशी २००९ मध्ये राज्यघटनेत घातलेली तरतूद आहे. सर्वसाधारण परिस्थितीत केंद्र सरकारने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ०.३५ टक्क्यांपेक्षा अधिक संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट, ठेवायची नाही. आपल्याकडे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातील तीन टक्क्यांचे उद्दिष्ट कितीदा पुढे ढकलले गेले, हे वाचकांना ठाऊक आहेच. इथे मात्र करोनाकाळातील न वापरलेले ६० अब्ज युरोंचे कर्जाधिकार सरकारने हवामान निधीकडे वळवले, तेव्हा विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार न्यायालयात गेले आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. सरकारने हा निकाल मुकाट्याने मान्य केला. सत्ताधाऱ्यांचा हिशेब विरोधक असा न्यायालयात तपासून घेऊ शकतात, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

तरीही अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही शिकवण सर्वत्र लागू पडते, असे मला वाटत नाही. भारताची वित्तीय तूट ४.४ टक्के कशी चालते, असे इथल्या एका जर्मन सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये विचारले, तेव्हा मी त्याला सांगितले की आमचे रस्ते, मेट्रो आणि बंदरे आत्ता उभी राहत आहेत, आणि त्यांचा लाभ घेणाऱ्या पुढच्या पिढीने परतफेडीचा वाटा उचलण्यात काहीच गैर नाही. तुमची बांधकामे आजोबांच्या काळात झाली. त्यांची डागडुजी थांबवून ताळेबंद नीटनेटका दिसतो, हेही मी जोडले. माझा स्वर थोडा चढला होता, पण मुद्दा मी मागे घेणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा ट्रामरुळांचा भाग पहाटे एल्ब नदीत कोसळला. पूल शहराच्या अखत्यारीतला होता आणि आतल्या पोलादाला तडे गेले होते, त्यामुळे त्याचा दोष थेट या तरतुदीवर ठेवता येत नाही. मात्र उरलेल्या दोन भागांची दुरुस्ती आधी झाली होती आणि हा भाग आपल्या पाळीची वाट पाहत होता.

मला खरा राग आला तो मार्च २०२५ मध्ये. निवडणुकीत या मर्यादेची पाठराखण करणाऱ्या फ्रीडरिश मेर्त्स यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्षाच्या साथीने घटनादुरुस्ती केली. पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर झाला आणि जीडीपीच्या एक टक्क्यापलीकडचा संरक्षणखर्च मर्यादेतून वगळला गेला. खर्च आवश्यकच होता. पण नवी संसद भरण्याआधी जुन्या संसदेकडून तो मंजूर करून घेतला, कारण घटनादुरुस्तीला लागणारी दोन तृतीयांश मते नव्या सभागृहात जमणार नव्हती. हीच गोष्ट प्रचारात सांगितली असती, तर मतदारांना निवड करता आली असती.

आता या तरतुदीत कायमची सुधारणा करण्यावर चर्चा सुरू आहे. तिला ६३० पैकी ४२० मते लागतील, आणि मार्चमधली दुरुस्ती करणाऱ्या तीन पक्षांची बेरीज ४१३ होते. उरलेली मते डाव्या लिंके पक्षाकडे किंवा उजव्या एएफडीकडे आहेत, आणि या दोघांशीही हातमिळवणी करणार नाही, असे मेर्त्स यांच्या पक्षाचे अधिकृत धोरण आहे.