बर्फातली पिवळी पाटी आणि राजाराम बंधाऱ्याचे 43 फूट

सुट्टीवर कोल्हापूरला येऊन आठवडा झाला. परवा चुलतभावाबरोबर गगनबावड्याला जाऊन आलो. गाडी तो चालवत होता आणि मी शेजारी बसून रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होतो. 'वाहने सावकाश चालवा.' 'अपघातप्रवण क्षेत्र.' 'पुढे वळण आहे.' 'पुढे काम चालू आहे.' ही शेवटची पाटी जिथं होती तिथलं काम कधीच संपलेलं, रस्ता एकदम गुळगुळीत. भावाला विचारलं, "मघाची ती पाटी बघितलीस?" तो म्हणाला, "कुठली?"

परतताना दिवस मावळला होता. कळ्याच्या अलीकडं एका वळणानंतर उसानं भरलेली ट्रॉली अचानक समोर आली. मागं ना दिवा, ना चमकणारी पट्टी. भावानं करकचून ब्रेक दाबला. थोडा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. एवढ्या पाट्यांमध्ये जी गोष्ट खरोखर जिवावर बेतणारी होती, तिच्याबद्दल कुठंच काही नव्हतं.

हे सांगायचं कारण म्हणजे मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ज्या स्नोमोबाइल क्लबचा सभासद आहे, तिथं गेली दोन वर्षं याच विषयावर वाद चालू आहे. ट्रेलवरच्या, म्हणजे स्नोमोबाइलसाठी आखलेल्या बर्फातल्या वाटांवरच्या, धोक्याच्या पाट्या कमी केल्या तर ट्रेल जास्त सुरक्षित होतील का?

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, उजव्या अंगठ्याशी वेग वाढवायचा थ्रॉटल आणि डाव्या हाताशी ब्रेक. क्युबेकमधल्या व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांनी 1959 साली 'स्की-डू' बाजारात आणली आणि हा प्रकार घरोघरी गेला. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला रोझो नावाचं छोटं गाव आहे, पोलारिस कंपनी तिथलीच. त्यामुळं आपल्याकडं जसा तालमीचा अभिमान, तसा तिथं या यंत्राचा. राज्यभरात जवळपास 22,000 मैलांचे ट्रेल आहेत आणि त्यातले बहुतेक गावोगावचे क्लब सांभाळतात. सरकार अनुदान देतं, बाकी राबणं सभासदांचं. ट्रेल बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांच्या रानातून जातो. त्यासाठी घरी जाऊन परवानगी मागायची, जमीन गोठायच्या आत खांब ठोकायचे आणि वसंतात पेरणीआधी सगळं उपटून न्यायचं.

हे खांब ठोकायचं काम मी चार वर्षं करतोय. पहिल्या वर्षी माझ्याकडं पिवळ्या पाट्यांचा गठ्ठा दिला होता. मी उत्साहानं प्रत्येक वळणावर एक ठोकत चाललो होतो. जमीन अर्धी गोठलेली, प्रत्येक घावाला हातोड्याचा दांडा तळहातात झिणझिण्या आणत होता. माझ्याबरोबर क्लबातले सत्तरीतले एक गृहस्थ होते. ते मागं थांबले आणि मी नुकताच ठोकलेला एक खांब हलवून हलवून त्यांनी बाहेर काढला. मला हाताला धरून शंभर पावलं मागं नेलं. तिथून बांधालगतची झाडं आणि वळणारी वाट लख्ख दिसत होती. ते म्हणाले, "हे वळण इथूनच दिसतंय. मग ही पाटी कुणासाठी?" मग पुढं एका चढावर नेलं. चढ संपतो तिथंच पलीकडं वाट काटकोनात वळते आणि सरळ गेलं तर ओढ्यात. चढणाऱ्याला आकाशाशिवाय काही दिसत नाही. "हिला इथं ठोक. आणि पलीकडच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी दुसरी."

तेव्हा मला वाटलं, एक पाटी जास्त झाली तर बिघडतं काय? ते त्याच हिवाळ्यात कळलं.

जानेवारीत एका रात्री मी दुसऱ्या एका गावच्या ट्रेलवर होतो. थंडी उणे 20 च्या आसपास, हेल्मेटच्या काचेच्या कडेनं बर्फाची झालर. त्या ट्रेलवर प्रत्येक वळणाला पिवळी पाटी होती. दिव्याच्या झोतात एक चमकायची, मागं पडायची, दुसरी चमकायची. पहिल्या दहा-बारा पाट्यांना मी वेग कमी केला. वळणं अगदीच सौम्य निघाली. विसाव्या पाटीपर्यंत माझा अंगठा थ्रॉटलवरून हलेनासा झाला होता. मग आणखी एक पिवळं काही तरी चमकलं आणि मागं गेलं. त्यावर 'पुढे थांबा' असं होतं. ती पाटी मला दिसली होती. मी ती वाचली नाही, एवढंच.

पुढं डांबरी रस्ता होता. बर्फ हटवणाऱ्या गाडीनं कडेला बर्फाचा कमरेएवढा बांध करून ठेवलेला. ब्रेक मारला तेव्हा स्की त्या बांधावर चढल्या आणि यंत्र तिरकं होऊन थांबलं. त्याच क्षणी समोरून दुधाचा टँकर गेला. त्याच्या चाकांनी उडवलेला बर्फाचा भुगा काचेवर आदळला. मी इंजिन बंद केलं आणि पाय थरथरायचे थांबेपर्यंत तिथंच बसून राहिलो. आई, हे तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

म्हणून जास्त पाट्यांमुळं काही बिघडत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या खुणांची जी सरकारी नियमपुस्तिका आहे, तिच्यातही हेच सांगितलंय की धोक्याच्या पाट्या हात राखून वापरा, अति झाल्या की त्यांचा परिणाम उतरतो. त्याहून मला हलवून गेला तो फिनलंडमधला अभ्यास, 1993 साली प्रसिद्ध झालेला. तिथं ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असलेल्या काही रस्त्यांच्या कडेला प्रकाश परतवणारे खांब बसवले, रात्री रस्ता नीट कळावा म्हणून. झालं असं की लोकांचा वेग वाढला आणि अंधारातले अपघातही वाढले. रस्ता स्पष्ट दिसायला लागला म्हणून माणसं निर्धास्त झाली. ताशी 80 किलोमीटर म्हणजे साधारण 50 मैल, आणि मिनेसोटात सार्वजनिक जागेवर स्नोमोबाइलची मर्यादा तेवढीच आहे.

पण क्लबातल्या काही तरुण पोरांचं म्हणणं याच्याही पुढचं आहे: सगळ्याच पाट्या काढा. ते हॉलंडच्या हान्स मॉन्डरमन यांचा दाखला देतात. हे वाहतूक अभियंते 2008 साली वारले. ड्राख्टन शहरातल्या गजबजलेल्या चौकातून त्यांनी सिग्नल आणि पाट्या काढून टाकल्या. तिथं गाड्या, सायकली आणि माणसं एकमेकांकडं बघत, अंदाज घेत पार होतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे मला आबांनी शिकवलं, कुठल्या पाटीनं नाही. भुईबावडा घाटात अरुंद वळणावर हॉर्न वाजवायचा, थांबायचं, समोरच्या ड्रायव्हरनं हात वर केला की पुढं जायचं.

तरी मला हा दाखला ट्रेलला लागू करणं पटत नाही. चौकात वेग कमी असतो आणि समोरच्याचा चेहरा दिसतो. ट्रेलवर रात्री कुणाचा चेहरा? डोक्यावर हेल्मेट, कानात इंजिनचा आवाज, समोर फक्त दिव्याच्या झोताएवढं जग. आपण एकामागोमाग जाताना डाव्या हातानं खुणा करतो, पण त्या आपल्याच गटासाठी. समोर काटेरी तारेचं कुंपण असेल तर ते आपल्याकडं बघून वाट देत नाही. तलावात जिथं ओढा येऊन मिळतो तिथला पातळ बर्फ वरून अगदी जाड बर्फासारखाच दिसतो. स्नोमोबाइलसाठी 5 ते 7 इंच घट्ट बर्फ लागतो असं तिथलं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं. आता ती जाडी वरून बघून कुणाला कळणार?

आणखी एक गोष्ट आहे, ती दोन्ही बाजूंच्या लक्षात येत नाही. दहातल्या नऊ वळणांना पाटी लावली की दहावं, पाटी नसलेलं वळण आपोआप 'इथं काही नाही' असं सांगायला लागतं. त्या दहाव्या वळणावरचा खांब वाऱ्यानं पडला असेल किंवा बर्फाखाली गाडला गेला असेल, तर आपणच त्या माणसाला फसवलं म्हणायचं. त्यामुळं पाट्या थोड्या असाव्यात ते एवढ्यासाठी, की जेवढ्या लावू तेवढ्या दर आठवड्याला जाऊन बघता याव्यात. ट्रेल सपाट करणारं यंत्र रात्री फिरतं, तेव्हा चालवणाऱ्यानं प्रत्येक पाटी बघायची आणि पडलेली उभी करायची. ओढा पक्का गोठला की तिथली पाटी काढायची आणि मार्चमध्ये पुन्हा लावायची. हे कष्टाचं काम आहे. वाटेल तिथं पाटी ठोकून मोकळं होणं सोपं. बरेच क्लब ते कोर्टकचेरीच्या भीतीनं करतात: उद्या कुणी दावा लावलाच, तर 'आम्ही पाटी लावली होती' म्हणता यावं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण असल्या पाटीनं गाडी चालवणाऱ्याचा जीव वाचत नाही.

वेग आणि दारू हे तिथल्या जीवघेण्या अपघातांचं मोठं कारण, आणि त्यावर पिवळ्या पाटीचा काहीच इलाज नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या रहिवाशांना सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या मते त्या वर्गात जे डोक्यात बसतं ते शंभर पाट्यांनी बसत नाही.

क्लबातल्यांना हे समजावताना मी राजाराम बंधाऱ्याचं उदाहरण देतो. तिथं मोजली जाणारी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. एवढे दोनच आकडे. पण जुलैत पाऊस लागला की अख्खं कोल्हापूर एकमेकाला विचारतं, "किती फुटांवर आलं?" 39 झाले की नदीकाठच्या घरांत सामान माळ्यावर चढतं, 43 कडं सरकायला लागलं की जनावरं हलतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही आमच्या घरात पहिलं पोतं उचललं ते 39 ऐकूनच. रोज सकाळी कुणी 'पाण्यापासून सावध राहा' असा भोंगा वाजवला असता, तर त्या दिवशी त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं असतं का?

आमच्या क्लबानं यंदा ऑक्टोबरात एका ट्रेलवरच्या वळणांच्या पाट्या जवळजवळ सगळ्या उतरवल्या. वाट दाखवणाऱ्या केशरी खुणा तशाच ठेवल्या. रस्ता ओलांडायच्या जागा, कुंपणं, ओढे आणि पलीकडचं न दिसणारे चढ, एवढ्याच ठिकाणी धोक्याच्या पाट्या आहेत आणि त्यांची यादी ट्रेल सपाट करणाऱ्याच्या केबिनमध्ये चिकटवलेली आहे. वाद अजून मिटलेला नाही. मी परत गेलो की फेब्रुवारीच्या बैठकीत पुन्हा सुरू होईल.

काल शाहूपुरीत जाऊन लाल चमकणाऱ्या पट्टीची दोन बंडलं आणली. आमच्या काकांच्या दोन ट्रॉल्या सध्या कारखान्याला जातात. आज रात्री त्या रिकाम्या होऊन येतील, तेव्हा मागच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना पट्टी मारायची आहे. आधी फळी धुवावी लागेल, चिखलावर ती टिकत नाही. आणि भरल्यावर ऊस फळीवरून खाली लोंबतो आणि पट्टी झाकतो, म्हणून एक तुकडा मोळ्यांच्या वरून बांधायच्या दोरालाही लावणार आहे.