बाद ठरलेली तिसरी डिस्क

घरचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) बंद पडला, त्यातला डेटा परत मिळवण्याची ही दहाव्या दिवसापर्यंतची नोंद. काम अजून संपलेलं नाही.

चार कप्प्यांचा डबा, ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चार डिस्कचा मिळून एक साठा, त्यातली एक गेली तरी उरलेल्या तिन्हींवरून डेटा परत मिळतो), त्यावर एलव्हीएम (साठ्याचे भाग पाडणारा थर) आणि एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम. आत बारा-तेरा वर्षांचे घरचे फोटो आणि आत्याच्या जात्यावरच्या ओव्या. तिच्या शेवटच्या दोन उन्हाळ्यांत गावी जाऊन मी त्या रेकॉर्ड केल्या होत्या. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप त्याआधीचा, म्हणजे ओव्यांची प्रत फक्त या डब्यात.

पहिला दिवस. तिसरी डिस्क बाद झाल्याचा मेल आला. मी ती काढली, नवी घातली आणि रीबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नवीवर डेटा पुन्हा उभा करणं, सुरू केलं. ६१ टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कवर रीड एरर आले आणि व्हॉल्यूम बंद पडला. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्कचा सेक्टर न् सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत छोटा तुकडा) वाचला जातो. वर्षानुवर्षं कुणी न वाचलेला सेक्टर खराब झालाय, हे नेमकं तेव्हाच उघड होतं. स्क्रबिंग, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणं, दर महिन्याला चालवलं असतं तर ते आधीच कळलं असतं. ते मी चालू केलं नव्हतं, आणि याची खंत मला आहे.

दुसरा दिवस. डबा बंद केला. प्रत्येक डिस्कवर मार्करने कप्प्याचा नंबर लिहिला. मग जुन्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडून लिनक्सवर फक्त वाचायचं काम. यूएसबी डॉक मुद्दाम टाळला, खराब सेक्टर आला की बरेचसे डॉक मध्येच रीसेट होतात. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्यावरची रेडची नोंद, पाहिला. इव्हेंट काउंट (रेडमधल्या बदलांचा चढता आकडा) पहिल्या आणि चौथ्या डिस्कवर ४८,२१७, दुसरीवर ४८,१९०, काढलेल्या तिसरीवर ४१,०३६. म्हणजे १, २ आणि ४ जवळजवळ एकाच क्षणाच्या, तिसरी मागे राहिलेली.

इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या हुबेहूब प्रती, ठेवायला जागा हवी होती. ८ टीबीच्या एका डिस्कवर ४ टीबीच्या दोन इमेज बसतील असं आधी धरलं होतं, पण हिशेब केला तर बसत नाहीत. ४ टीबीची माझी डिस्क ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइटची, तिची दुप्पट ८ टीबीच्या डिस्कपेक्षा साधारण ११ एमबीने जास्त भरते, आणि फाइल सिस्टिमची जागा वेगळीच. शेवटी १६ टीबीची एक घेतली.

तिसरा ते सहावा दिवस. १ आणि ४ ग्नू डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) विनातक्रार उतरल्या. दुसरीला आधी फक्त सोपा भाग वाचायला लावलं, खराब जागा खरवडायच्या नाहीत असं सांगून. मग उलट्या दिशेने एक फेरी आणि शेवटी तीन पुनर्प्रयत्न. मध्ये वीज गेली आणि इन्व्हर्टरवर जाता जाता मशीन रीस्टार्ट झालं. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल होती म्हणून काम थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. मॅपफाइलशिवाय डीडीरेस्क्यू चालवू नका, हे कळकळीने सांगतोय. सगळं झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर ४ केबीचे ५३ ब्लॉक उरले, एकूण २१२ केबी.

सातवा दिवस. तिन्ही इमेज रीड-ओन्ली लूप डिव्हाइस केल्या, म्हणजे लिनक्सला त्या फक्त वाचायच्या डिस्कसारख्या दिसल्या, आणि त्यांच्यावर डिव्हाइस मॅपरचे ओव्हरले घातले. जे काही लिहिलं जाईल ते ओव्हरलेत जातं, इमेज अबाधित राहते. मग सक्तीने असेंबल, म्हणजे इव्हेंट काउंट जुळत नसले तरी तिन्ही जोडून रेड उभं केलं. पुष्कळ ठिकाणी ॲरे (डिस्कचा हा रेड संच) नव्याने ‘क्रिएट’ करण्याचा सल्ला मिळतो, तो मी मानला नाही. एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसार डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो तो आकडा) बदलतो, आणि एक आकडा चुकला तरी सगळं विस्कटतं. एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप जागा झाला, जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) न चालवता एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंट केलं. फोल्डर दिसले. पहिली ओवी लावली आणि आत्याचा आवाज आला. त्या रात्री पुढे काही केलं नाही.

आठवा दिवस. मग तिसरी डिस्क हातात घेतली. स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) करंट पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेले, सेक्टर फक्त ८, मग ती बाद का झाली? ती जुन्या पीसीतली डेस्कटॉपची डिस्क. नॅसच्या डिस्क खराब सेक्टरवर साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि तसं कळवतात, मग रेड पॅरिटीतून (डिस्कवर ठेवलेल्या जादा हिशेबातून) तो भाग भरून काढतं. डेस्कटॉपची डिस्क मात्र त्याच सेक्टरशी कितीतरी वेळ झुंजत राहते. लिनक्स ३० सेकंद थांबतं आणि डिस्क मेली असं समजून तिला ॲरेबाहेर काढतं. माझ्या तिसरीचं तेच झालं असावं, आतला डेटा जवळपास पूर्ण शाबूत होता.

इथून खरी वाट सापडली. रेड ५ मध्ये चारही डिस्कवरच्या एकाच जागेचा एक्सॉर (बिटांची एक प्रकारची बेरीज) शून्य यायला हवा. म्हणजे १, ३ आणि ४ चा एक्सॉर घेतला की दुसरीचा हरवलेला ब्लॉक मिळतो. अट एवढीच, की तिसरी बाहेर पडल्यावर त्या पट्ट्यात (चारही डिस्कवरच्या त्याच जागेत) काही लिहिलेलं नसावं. मधल्या काळात फक्त फोनचे बॅकअप गेले होते. तिसरीवरून त्या ५३ जागा वाचल्या, सगळ्या वाचता आल्या. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. भरण्याआधी प्रत्येक जागेच्या शेजारच्या, चारही डिस्कवर वाचता येणाऱ्या ब्लॉकचा एक्सॉर तपासला. ही खात्रीची कसोटी नाही, पण बराच भरवसा देते. ५१ ठिकाणी शून्य आला, दोन ठिकाणी नाही.

नववा, दहावा दिवस. ५१ ब्लॉक दुसरीच्या ओव्हरलेत भरले, पुन्हा असेंबल केलं. उरलेल्या दोन जागा कुठल्या फाइलींत येतात ते ब्लॉक नंबरवरून डीबगएफएस या एक्स्ट४ तपासणाऱ्या प्रोग्रॅमने शोधलं. एक रिकाम्या जागेत आहे, दुसरी एका लग्नाच्या व्हिडिओत. ओव्यांच्या सगळ्या फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या. कुठेच खरखर नाही. एके ठिकाणी मागे कोंबडा आरवतो, तोही नीट ऐकू येतो.

आता आरसिंकने नव्या डिस्कवर कॉपी चालू आहे, अर्धी झाली. तो व्हिडिओ बहिणीकडे असेल तर तिच्याकडून मागवणार आहे. ओव्यांची दुसरी प्रत आजच पेनड्राइव्हवर घेतली, ती गावी काकांकडे जाईल. तिसऱ्या डिस्कवर ‘पुसू नये’ अशी पट्टी लावून ती कपाटात ठेवली आहे.